वेशीवरचा तुंबा

एकदा काय झालं, एका राजाच्या नगरातली झोपच नाहीशी झाली.

छबू, हसू नकोस. तुला वाटत असेल, काय मजा, रात्रभर खेळायचं. पहिल्या रात्री तिथल्या पोरांनाही तसंच वाटलं. दुसऱ्या रात्री डोळे चुरचुरले. तिसऱ्या रात्री पोरं रडायला लागली. आणि आठव्या दिवशी काय सांगू तुम्हाला, कुंभाराने घागरीला दोन तोंडं केली, न्हाव्याने कोतवालाची मिशी एकाच बाजूची उतरवली, आणि राजा मुकुट समजून डोक्यावर तांब्या घालून दरबारात बसला. कोणी हसलं नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं.

त्या नगरात हौसा नावाची मुलगी राहायची. बारा-तेरा वर्षांची. वडील दूरदेशी राजाच्या फौजेत, आणि आई लोकांची दळणं दळायची. घर गरीब, पण आईची एक रीत होती, बरं का. शेजारची वाटी घरी आली तर ती कधी रिकामी परत जायची नाही. चार दाणे तांदूळ, नाहीतर गुळाचा खडा, अगदीच काही नसलं तर तुळशीचं एक पान. "रिकामं भांडं परत गेलं की देणाऱ्याचं मन ओशाळतं," आई म्हणायची.

हौसेला एक धाकटा भाऊ होता, पाच महिन्यांचा. दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं होतं केरू. झोप गेल्यापासून रडून रडून केरूचा घसा बसला होता. आता रडायचाही नाही. दूध तोंडात घ्यायचा आणि बाहेर सोडायचा. आधी हौसेचं बोट कसं घट्ट धरायचा, आता मूठच वळेना.

मग जुनीजाणती माणसं म्हणाली, झोप निजडोंगराच्या माथ्यावर राहते. कोणीतरी जाऊन आणली पाहिजे. तीन दिवस जायला, दोन दिवस यायला.

राजाला दोन मुलगे होते. मोठा म्हणाला, मी जातो. त्याने बरोबर काय घेतलं नसेल? पलंग घेतला, गालिचा घेतला, चांदीची ताटं घेतली, पानाचा डबा घेतला, आणि हे सगळं वाहायला चौदा खेचरं. डोंगराची पाऊलवाट एवढीच रुंद, आपल्या चुलीपासून माझ्या बाजेपर्यंत पण नाही. पहिलं खेचर अडलं, मग बाकीची तेरा त्याच्यामागे अडली. संध्याकाळी सगळी वरात घरी.

मग धाकटा म्हणाला, मला काही लागत नाही. मर्दाला काय लागतं? अंगात एक रेशमी अंगरखा, कमरेला तलवार, चालला. मार्गशीर्षातली थंडी ती. सकाळी परत आला तेव्हा दात असे वाजत होते की भालदारांना वाटलं कोणीतरी टिपऱ्या खेळतंय. आठ दिवस त्याने चुलीपुढून हलायचं नाव घेतलं नाही.

तो परत आला त्याच दिवशी वैद्य हौसेच्या घरी आले. केरूची नाडी बघितली. म्हणाले, "मोठी माणसं तग धरतील. हे लेकरू पाच दिवस काढील. सहाव्याचं मी सांगत नाही."

हौसा उठली आणि थेट दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, मी जाते."

राजाने तांब्या सरळ केला. म्हणाला, "जा बाळ. कोठीतून हवं ते घे."

कोठीवाल्याने कुलूप काढलं. आत चांदीचे लोटे होते, पितळी हंडे होते, नक्षीच्या सुरया होत्या. हौसेने एकेक उचलून पाहिला आणि ठेवून दिला. कोपऱ्यात धुळीत एक जुना तुंबा पडला होता. तुंबा म्हणजे काय ठाऊक आहे ना? भोपळा वाळवून पोकळ करायचा आणि त्यात पाणी भरायचं. वजनाला काही नाही, आणि पाणी गारेगार. हौसा म्हणाली, "मी हा नेते."

कोठीवाला हसला. "अगं, तो वेशीवर टांगलेला होता कोणाचा तरी. दिवाळीची साफसफाई झाली, तेव्हाही हा राहिला होता. पंधरा दिवसांमागे एका संध्याकाळी मी काढून आणून टाकला. त्यापेक्षा चांदीचा ने."

"चांदीचा जड होईल," हौसा म्हणाली. "मला डोंगर चढायचाय, मिरवायचं नाही."

घरी तुळसाआत्या येऊन बसली होती. तिने सारा जन्म रानात हिरडे आणि मध गोळा करण्यात घालवला होता. आता गुडघे गेले होते, नाहीतर तीच गेली असती. आत्या म्हणाली, "आधी सगळं जमिनीवर मांड. आणि एकेकाला विचार, बाबा रे, तू किती कामाचा? तीन कामं करील तो चालेल. एकच काम सांगेल त्याला घरी ठेव."

मग हौसेने शेजाऱ्यांनी आणून दिलेलं सगळं मांडलं आणि एकेकाला विचारलं. गोमाजीबाबांची घोंगडी म्हणाली, मी अंथरूण होईन, पांघरूण होईन, आणि वारा सुटला तर डोक्यावर खोळ होईन. चल, ये. सखूकाकूच्या विहिरीचा दोर म्हणाला, मी बांधीन, चढवीन आणि टांगीन. तूही ये. आत्याचा कोयता म्हणाला, मी लाकूड तोडीन, वाट काढीन, कंद खणीन. ये. आरसा म्हणाला, मी तोंड दाखवीन. तू बस घरी.

राहिली चकमक. ती बिचारी म्हणाली, मला एकच येतं, मी ठिणगी पाडते. आत्या म्हणाली, "हिला नियम नाही. हिला आधी घे. आणि तिचा कापूस कमरेला बांध, अंगाच्या उबेत कोरडा राहील."

आईने भाजलेलं पीठ आणि गूळ कालवला. पाच पुरचुंड्या बांधल्या, दिवसाला एक. सगळं घोंगडीत गुंडाळलं. जड ते पाठीलगत, लागणारं ते शेवटी, म्हणजे हात घातला की आधी तेच यावं. आत्याने गाठोडं बांधून दिलं आणि म्हणाली, "खाऊ जमिनीवर ठेवायचा नाही. दोराने उंच टांगायचा."

दारात आई उभी होती. म्हणाली, "जा म्हणायला जीभ वळत नाही गं. पण थांब असंही म्हणवत नाही." हौसेने केरूच्या पायाची पापी घेतली आणि निघाली.

पहिल्या रात्री थंडी आली. अशी थंडी की दगडही कुडकुडावेत. लाकडं दवाने भिजलेली. पण हौसेने कमरेचा कापूस काढला, कोयत्याने फांद्यांची ओली साल काढून आतलं कोरडं लाकूड घेतलं, आणि चकमक घासली. एकदा, दोनदा, तीनदा. मग धूर आला, मग जाळ. घोंगडीत शिरून ती म्हणाली, "गोमाजीबाबा, तुमचे उपकार. आत्या, तुझे उपकार." झोप काही आली नाही, पण ऊब आली.

आणि एक चूक झाली, बरं का. उबेला बसली आणि पुरचुंड्या टांगायच्या राहिल्या. सकाळी बघते तर एक पुरचुंडी फाटलेली, आणि एक रानउंदीर मिशा पुसत चाललेला. मुकुंदा, तूसुद्धा डबा उघडा टाकून येतोस ना, मग उंदराला बोलून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी कडा आला. वर एक अंजनीचं झाड होतं, खडकात मुळं रोवून बसलेलं. हौसेने दोराला दगड बांधून फेकला. दोनदा खाली आला, तिसऱ्यांदा खोडाला वळसा घालून बसला. मग चढली. हात सोलवटले. वर पोचल्यावर तिने झाडाला नमस्कार केला, दोराला केला, आणि सखूकाकूला मनातून केला. दोर तिथेच ठेवला, उतरायला लागणार म्हणून. फक्त टोकाची हातभर दोरी कापून घेतली.

तिसऱ्या दिवशी तहान आली. माथ्याजवळ पाण्याचा टिपूस नाही. पण तुंब्यात पाणी होतं, गार, खालच्या झऱ्याचं. घोट घोट पुरवत ती माथ्यावर पोचली. पोचली तेव्हा तुंबा रिकामा झाला होता आणि पुरचुंडी उरली होती एकच. दोन दिवसांच्या परतीची.

माथ्यावर एक मोठं झाड होतं. त्याला खुंट्या ठोकलेल्या, आणि प्रत्येक खुंटीला एक तुंबा. शंभर तरी असतील. एकच खुंटी रिकामी. झाडाखाली एक म्हातारी बसली होती, डोंगराएवढी जुनी. तिने हौसेच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं.

"माझा तुंबा आहे तो. दे."

मग तिने सांगितलं. प्रत्येक गावाचा एक तुंबा. तिन्हीसांजेला ती त्यात झोप भरायची, तुंबा आपला आपण जाऊन त्या गावच्या वेशीला टांगून राहायचा, आणि पहाटे आपला आपण परत यायचा. कोणी त्याच्याकडे वर मान करून बघतसुद्धा नसे. "माझं काही म्हणणं नव्हतं," म्हातारी म्हणाली. "पण तुमच्या गावाने भांडंसुद्धा ठेवून घेतलं. आता मी भरू कशात?"

हौसेला आठवला कोठीवाला. तिला रडू फुटलं. केरूसाठी झोप मागायला आली होती, आणि इथे तर आपलंच गाव ओशाळं. तिने तुंबा काढला. द्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"थांबा आजी. असा नको."

ती पाठमोरी झाली. शेवटची पुरचुंडी सोडली. पोटात कावळे ओरडत होते, हं. पण तिने ते पीठ सगळंच्या सगळं तुंब्यात घातलं, फडकं झटकून. मग दोन्ही हातांनी तुंबा पुढे केला.

म्हातारीने आत पाहिलं. मग म्हणाली, "पोरी, किती वर्षं झाली मी हे करतेय, ते मलाही ठाऊक नाही. गावोगावचे तुंबे येतात. भरलेला आज पहिला आला." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पीठ तिने पदरात काढून घेतलं, चिमूट तोंडात टाकली, आणि तुंबा झाडामागे नेऊन भरून आणला. बघायला आत काहीच नव्हतं. कानाशी धरला तर लांब कुठेतरी पाळण्याच्या कड्या वाजल्यासारखं वाटे.

"वेशीवरच उघड," म्हातारी म्हणाली. "आणि रोज सकाळी परत पाठव."

हौसा म्हणाली, "पाठवू. पण आजी, रिकामा कसा पाठवायचा? आमच्याकडे पहाटे डब्यात काही नसतं."

म्हातारी हसली. तिला दात नव्हते, माझ्यासारखेच. म्हणाली, "मग झोपेत जे दिसेल ते घाला त्यात. मला पुरेल."

हौसा उलट पावली निघाली. कड्यावरून दोर दुहेरी करून उतरली आणि खाली ओढून घेतला. वाटेत तुंबा पाठीशी हलायचा आणि कड्या वाजायच्या. किती दिवसांची जागी पोर ती. एकदा तिचा हात आपोआप बुचाकडे गेला. उघडलं असतं तर ती तिथेच झोपली असती, आणि केरू मात्र तसाच राहिला असता. मग तिने ती हातभर दोरी काढली आणि बुचावर सात गाठी मारल्या. खायला काय, तर आवळे. आवळा खायचा आणि वर पाणी प्यायचं, म्हणजे गोड लागतं. त्या गोडीवर दोन दिवस काढले तिने.

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला ती वेशीत आली. सगळं गाव उभं होतं. आईच्या कडेवर केरू होता, डोळे उघडे, पण कुठे बघतोय ते कळेना. हौसेने एकेक गाठ सोडली. सातवी सुटली आणि तिने बूच काढलं.

आधी केरू. त्याची पापणी खाली आली, वर गेली, खाली आली आणि तिथेच राहिली. हौसेने आपलं बोट त्याच्या तळव्यात ठेवलं. मूठ हळूच मिटली. मग आईने एक उसासा टाकला आणि वेशीला टेकूनच झोपली. मग कुंभार, मग न्हावी, मग अर्ध्या मिशीचा कोतवाल. मोठा राजपुत्र गालिच्याशिवाय झोपला. राजा तांब्यासकट झोपला. सगळ्यांच्या शेवटी हौसेने तुंबा वेशीला टांगला, त्याला हात जोडले, आणि ती आईच्या मांडीवर आडवी झाली. बोट पुन्हा केरूच्या मुठीत दिलं.

पहाटे तुंबा आपला आपण निघून गेला. माणसं उठली ती एकमेकांना विचारायला लागली, "रात्री काहीतरी पाहिलं मी, छान होतं, काय बरं?" कोणाला सांगता येईना. येईल कसं? ते तर तुंब्यातून डोंगरावर गेलेलं. त्याआधी माणसांना स्वप्नं पडतच नव्हती, बरं का. आणि केरू पाहा, झोपेतच गालात हसला. त्याचंही होतं ना काहीतरी घालायचं.

मग केरू दूध प्यायला लागला, बाळसं धरलं. हौसेने ज्याची वस्तू त्याला नेऊन दिली. घोंगडीच्या घडीत चार हिरडे ठेवून, दोराच्या वेटोळ्यात आवळे ठेवून, कोयत्यासोबत मधाचं पोळं. राजाने वेशीवर तुंब्यासाठी एक सागवानी खुंटी ठोकून घेतली, आणि कोठीवाला रोज संध्याकाळी ती पुसायचा. सगळे सुखाने नांदले, आणि मुख्य म्हणजे सुखाने झोपले.

हां, आता पाय आत घ्या. मुकुंदा, ती गोधडी छबूलाही दे. बाहेर ऐका जरा, कड्या वाजतायत का? आपल्या वेशीवरचा तुंबा आलाय. डोळे मिटा, आणि सकाळी परत पाठवायचाय त्याला, तेव्हा आत घालायला काहीतरी छानसं बघून ठेवा.