तुळाजीच्या चार गाठी

एका गावात तुळाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? बायकोने दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो अगदी मन लावून लक्ष ठेवायचा.

त्याच गावचे काकासाहेब हिंगमिरे देशाचे पंतप्रधान झाले. बंगल्यावर हुशार माणसं पुष्कळ होती, पण हुशार माणसं इकडचं तिकडे करतात. म्हणून काकासाहेबांनी गावाला निरोप धाडला, की दाराशी उभा राहायला एक विश्वासू माणूस पाठवा. गावाने एकमताने तुळाजीला पाठवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

निघताना बायको म्हणाली, "धनी, सायबाची खुर्ची हाय तवर आपली चूल हाय. खुर्ची गेली तर तुमी परत हितंच, माझ्या डोक्यावर. तेवढी सांभाळा."

तुळाजीने ते काळजात ठेवलं. बंगल्यावर तो रोज सकाळी खुर्ची पुसायचा आणि चारही पाय हलवून बघायचा. खुर्ची भक्कम होती. त्याला रात्री छान झोप लागे.

त्या वर्षी ऊस वाळला. साखर मिळेना, गूळ मिळेना. काकासाहेबांनी हुकूम काढला, की वर्षभर देशात कुणी गोडधोड करायचं नाही, लग्नातसुद्धा नाही. लोकांनी ऐकलं. नवरदेव पिठलं-भाकरी खाऊन घोड्यावर बसले. पण काकासाहेबांचा जीव जिलबीत. बंगल्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी गुपचूप कढई चढायची, आणि तुपाचा वास काही हुकूम मानत नाही.

एके दिवशी एक म्हातारी पाटीभर पेरू घेऊन दाराशी आली. "माझ्या झाडाचं हायती. सायबाला द्या."

"नगं," तुळाजी म्हणाला आणि दार लावून घेतलं.

काकासाहेबांनी ते खिडकीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, दारी आलेल्याचा असा अपमान करतात? कुणी काही पुढे केलं, की दोन्ही हातांनी घ्यावं. हसून म्हणावं, फार उपकार झाले. यात डोकं चालवू नकोस."

"न्हाई चालवत," तुळाजी म्हणाला. त्याच्या खांद्यावर उपरणं असायचं. त्याच्या एका टोकाला त्याने गाठ मारली. पहिली गाठ.

दुसऱ्या दिवशी तीन मंत्री आले. जिलबीचा बोभाटा त्यांच्या कानांवर गेला होता. तिघांनी राजीनामे आणले होते, पण द्यायचे की साहेबांनी समजूत काढली तर परत न्यायचे, हे अजून ठरत नव्हतं. पहिल्याने कागद जरासा पुढे केला. तुळाजीने तो दोन्ही हातांनी घेतला. "फार उपकार झालं." मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. "आनखी कुनाचं असत्याल तर धाडून द्या."

काकासाहेबांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे, जाणाऱ्याला असं जाऊ द्यायचं? त्याचा हात धरावा, बसवावं, आग्रह करून तोंड गोड करावं. कितीही नको म्हणाला तरी ऐकू नये. पाहुणा नको म्हणतोच."

"व्हय, साहेब." दुसरी गाठ. आणि वेळेवर धावाधाव नको म्हणून त्याने मागच्या गुरुवारच्या उरलेल्या दोन जिलब्या कागदात गुंडाळून खिशातच ठेवल्या.

गुरुवारी फाटकाशी वर्तमानपत्रांची माणसं जमली. तीन मंत्री का गेले, बंगल्यात जिलब्या होतात हे खरं का, त्यांनी नाना प्रश्न विचारले. आतून कुणी हूं की चूं केलं नाही. दुपारपर्यंत उन्हात उभी राहून ती बिचारी कंटाळली आणि निघाली.

निघाली? तुळाजी धावला. दोघांचे हात धरले, बाकीचे मागून आले. त्याने सगळ्यांना मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि ताटं मांडली.

"अहो, नको," एक वार्ताहर म्हणाला. तो खरंच घाबरला होता.

"नगं म्हनू ने. गरम हायती. फोटू काढा, पन थंड व्हायच्या आत खावा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर कढई होती. देश खवळला. लोक म्हणाले, आमच्या लेकरांच्या बारशाला चिवडा आणि यांना जिलबी! पक्षातले निम्मे खासदार बंड करून उठले.

काकासाहेबांचं कपाळ एव्हाना लाल झालं होतं. "तुळाजी, आता दाराशी येऊन कुणी माझ्याबद्दल काही बोललं, तर एकच उत्तर. तसं काही नाही, सगळं खोटं आहे. बस्स."

"ध्यानात ठिवतो." तिसरी गाठ.

संध्याकाळी पक्षाच्या अध्यक्ष अंबूताई आल्या. वय सत्तर, आवाज खणखणीत. बंडखोर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. ताई काकासाहेबांना लहानपणापासून ओळखत होत्या आणि त्यांच्यासाठी सगळ्यांशी भांडायला तयार होत्या.

"साहेबांना सांग, मी त्यांच्या बाजूची आहे. जिलबी खाल्ली असेल, पण माणूस मनाचा सच्चा आहे."

"तसं काय न्हाई, ताई. समदं खोटं हाय."

"म्हणजे? त्यांना देशाची काळजी नाही?"

"समदं खोटं हाय."

ताई आल्या पावली परत गेल्या आणि थेट बंडखोरांत जाऊन बसल्या.

काकासाहेबांनी घाईघाईने ताईंना माफीची चिठ्ठी लिहून तुळाजीला पिटाळलं. वाटेत चौकात हवालदाराने हात दाखवला, थांब. तुळाजी थांबला. हवालदाराची पाळी संपली, तो घरी जाऊन जेवला, निजला. तुळाजी सकाळी चौकातच सापडला, चिठ्ठीसकट.

काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा रे, कागद हाती आला, की वर ज्याचं नाव असेल त्याच्याच हातात नेऊन द्यायचा. पळत. मध्ये कुणी थांब म्हणालं तरी थांबायचं नाही. मी म्हणालो तरी नाही."

"तुमी म्हनला तरी न्हाई." चौथी गाठ. उपरण्याची टोकं संपली.

आता काकासाहेबांपाशी एकच डाव उरला होता, पण तो पक्का होता. आपल्याकडच्या पंगतीत पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारा आग्रह करतो. नको म्हणणारा उपाशी राहत नाही. तसंच करायचं. सर्वांसमोर राजीनामा पुढे करायचा. सगळे म्हणतील, अहो, नको. आपण म्हणायचं, नाही, मी जाणार. ते आणखी आग्रह करतील. तिसऱ्या आग्रहाला कागद खिशात आणि आपण खुर्चीत. आग्रहापुढे बंडखोराचंसुद्धा काही चालत नाही.

बंगल्यावर पक्षाच्या खासदारांची बैठक भरली. तुळाजी पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यात उभा. काकासाहेब उठले. हातात राष्ट्रपतींच्या नावाचा कागद.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "घ्या हा माझा राजीनामा."

दिवाणखाना गलबलला. अंबूताईंनी पदर डोळ्यांना लावला. "अहो, असं काय..." त्या म्हणू लागल्या.

तुळाजी बघत होता. साहेबांनी कागद पुढे केला होता आणि घेत कुणीच नव्हतं. केवढा हा अपमान. त्याने पहिली गाठ चाचपली, तांब्या खाली ठेवला आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. "फार उपकार झालं, साहेब."

मग त्याने वरचं नाव वाचलं आणि पळत सुटला.

"तुळाजी, थांब!" काकासाहेब ओरडले. त्याने चौथी गाठ घट्ट धरली आणि आणखी जोरात पळाला. मागून अनवाणी काकासाहेब, त्यांच्यामागे खासदार, फाटकापासून वार्ताहर.

राष्ट्रपतींचा बंगला समोरच होता. राष्ट्रपती बागेत वांग्यांना पाणी घालत होते. त्यांनी हात पुसून कागद वाचला. तेवढ्यात काकासाहेब पोचले, पण दम असा लागलेला, की तोंडातून शब्द फुटेना. ते नुसते हात हलवत होते.

राष्ट्रपती सज्जन होते. त्यांनी सही करण्याआधी तुळाजीला विचारलं, "काय रे, साहेबांना अजून पंतप्रधान राहायचंय, असं दिसतंय. खरं का?"

कुणी साहेबांबद्दल काही बोललं, की उत्तर ठरलेलं. तिसरी गाठ.

"तसं काय न्हाई. समदं खोटं हाय."

"बरं," राष्ट्रपती म्हणाले आणि सही केली.

काकासाहेब मटकन बांधावर बसले. मग हळूच उठून, मान खाली घालून चालू लागले.

तुळाजीचा ऊर भरून आला होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचं सगळं बरोबर झालं होतं. आणि एक गाठ अजून शिल्लक होती. त्याने साहेबांचा हात धरला, त्यांना परत बांधावर बसवलं आणि खिशातून कागदाची पुडी काढली.

"असं जाऊ ने, साहेब. तोंड गोड करा."

"नको रे."

"पाव्हना नगं म्हनतोच."

फाटकावर सगळे कॅमेरे वर झाले. काकासाहेबांनी एकदा कॅमेऱ्यांकडे पाहिलं, एकदा तुळाजीच्या हसऱ्या तोंडाकडे, आणि जिलबी तोंडात टाकली. खिशात राहून पार शिळी झाली होती. पण दार न लावता खाल्लेली त्या वर्षातली ती पहिलीच, आणि त्यांना ती इतकी गोड लागली, की त्यांनी दुसरी मागून घेतली.

"आता खुर्चीची काळजी करू नगा," तुळाजी म्हणाला. "सकाळीच चारी पाय हलवून बघितल्याती. जाग्यावरच हाय."