अर्धी शाळा

एकदा एक म्हातारा बाइंडर होता. उभा जन्म त्यानं वह्या शिवल्या, पण सगळ्या कोऱ्या, त्यामुळं वाचायची पाळीच आली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. सही करायला त्याला पाच मिनिटं लागायची, आणि खोडी काढायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागायचा नाही. तो ज्या वह्यांच्या कारखान्यात होता, तिथल्या मालकाला लहानपणी कागदाची घडी घालायला यानंच शिकवलेलं. म्हणून मालकही त्याला आबा म्हणायचा आणि त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही.

त्याच गावात स्वमग्न मुलांची एक शाळा होती. तिथल्या हेमलताबाईंच्या वर्गातली केतकी अठरा वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणं तिची शाळा संपली. आता तो नियम पोरीला कोण समजावणार? ती रोज सकाळी गणवेश घालून, दोन वेण्या घालून घराच्या फाटकात उभी राहायची. शाळेची रिक्षा समोरून जायची, थांबायची नाही. बाई त्याच रिक्षात असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी हात केला. दुसऱ्या दिवसापासून ते फाटक आलं की त्या मान खाली घालून बसायला लागल्या.

केतकीचा हात मात्र असा, की घडी घातली म्हणजे कोपऱ्यावर कोपरा. म्हणून बाईंनी मालकाच्या हातापाया पडून तिला वह्यांच्या कारखान्यात आणलं. आठ दिवस बघू, मालक म्हणाला. दोन दिवस पोरीनं असं काम केलं, की जुन्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. संध्याकाळी घरी जाताना ती विचारायची, "उद्या कारखाना?" बाई हो म्हणाल्या की वाटभर स्वतःशीच हसायची.

तिसऱ्या दिवशी कागद ठेवायला जागा पाहिजे म्हणून कुणीतरी तिचं स्टूल उचलून दाराशी नेलं. यासीनभाईनं न सांगता कटिंगचं मशीन सुरू केलं. शिलाईच्या रखमाबाईनं पाठीमागून एका दमात चार कामं सांगितली. पोरगी कान दाबून टेबलाखाली शिरली ती दोन तास बाहेर येईना. मालकानं बाईंना बोलावून घेतलं. म्हणाला, पोरगी गुणी आहे, पण हे आम्हाला झेपायचं नाही, उद्यापासून आणू नका.

वाटेत केतकीनं विचारलं, "उद्या कारखाना?"

बाई भरभर चालायला लागल्या.

पोरीला घरी सोडून त्या आबाकडं गेल्या. म्हणाल्या, तुम्ही जुने जाणते, गोंगाटात कसं टिकायचं ते तिला तुम्हीच शिकवा. आबानं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "शिकवतो की," तो म्हणाला. "उद्या पोरीला घरी ठेवा. तुम्ही मात्र या." शिकणारी घरी आणि शिकवणी कारखान्यात, हे काही बाईंच्या ध्यानात येईना.

दुसऱ्या दिवशी आबा सगळ्यांच्या आधी हजर. मालकाचं टेबल त्यानं भिंतीकडं तोंड करून ठेवलं. रखमाबाईची खिडकीजवळची वीस वर्षांची बैठक उचलून मशीनजवळ नेली, दोऱ्याची रिळं भलत्याच फळीवर टाकली. माणसं आली तसा हा प्रत्येकाच्या पाठीमागं जाऊन पत्र्याचा डबा बडवायला लागला. यासीनभाईला म्हणाला, ते सोड, हे धर, आधी तिकडं जा, अन् ते राहिलंय ते बघ. ते म्हणजे काय, असं विचारेपर्यंत म्हातारा पसार. सव्वादहाला जेवायची सुट्टी केली, घास तोंडात जायच्या आत मोडली. अकराचा चहा आलाच नाही. बाईंच्या चपला तेवढ्यात कुठं गेल्या, ते देवाला ठाऊक.

बारापर्यंत रखमाबाईनं सहा वह्या उलट्या शिवल्या होत्या आणि ती पदर डोळ्याला लावून बसली होती. यासीनभाईचा गठ्ठा तिरका कापला गेला होता. मालक दोन्ही हातांनी डोकं धरून पायरीवर बसला. म्हणाला, आबा, आता बस करा, डोकं फुटायची पाळी आली.

आबा शेजारी टेकला. "टेबलाखाली जागा आहे, मालक. बसता का?"

कुणी हसलं नाही. डबा खाली ठेवून म्हातारा म्हणाला, "रखमे, तू इथं वीस वर्षं बसतीस, अन् तीन तासांत तुझ्या डोळ्याला पाणी आलं. ती पोर तर तीन दिवसांची. गप कसं बसायचं, घडी कशी घालायची, सगळं तिला शाळेनं बारा वर्षं शिकवलं. आपल्याला कुणी एक दिवस तरी शिकवलं का, की तिच्याशी कसं वागायचं?" मग बाईंकडं वळून हळूच म्हणाला, "बाई, तुमची शाळा चांगली. पण अर्धीच चालली. उरलेली पोरं ही बघा, मिशावाली."

रखमाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग मालकानंच विचारलं, "बाई, तिला काय लागतं?"

बाई त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या. पोरीला काय येत नाही, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून आपण बारा वर्षं वाट बघत होतो, हे त्यांना त्या पायरीवर कळलं. मग त्यांनी सांगितलं. स्टूल हलवू नका. एका वेळी एकच काम, तेही समोर येऊन सांगा. मशीन सुरू करायच्या आधी तिला कळवा. एवढंच? यासीनभाई म्हणाला. एवढंच, बाई म्हणाल्या.

केतकी सोमवारी परत आली. चार-सहा दिवस बाई दारात थांबल्या. सातव्या दिवशीही थांबल्या. पोरीनं एकदा तरी मान वर करून बघावं, असं त्यांना फार वाटत होतं. तिनं बघितलं नाही. तिच्यापुढं कागद होते आणि हात चालला होता. आबानं कुठूनतरी बाईंच्या त्या दिवशी गायब झालेल्या चपला आणून पुढं ठेवल्या. "निघा आता," म्हणाला.

शाळेतल्या आणखी दोघांना जूनमध्ये अठरा वर्षं पूर्ण होणार होती. बाई त्या दिवशी शाळेकडं गेल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरल्या, बेकरीवाल्याचं गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "शेठ, थोडं शिकायला वेळ आहे का तुम्हाला?"