दुप्पट खोल

"पण सर, जास्त खोल कोणाचा? तिचा की माझा?"

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. केळशीकर सर चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी आधी बिस्किट वाचवलं, मग वर पाहिलं.

पठारावर त्यांची छावणी होती. काम असं, की जमिनीत सुरुंग उडवायचा आणि खोलवरच्या थरांवर आपटून परत येणारा धक्का कागदावर उतरवायचा. धक्का जितका उशिरा येईल, तितका थर खोल.

त्या कागदावर पहिला थर गटातल्या शाहिस्ताला सापडला होता. सर म्हणाले होते, "बरं आहे."

सरांच्या हाताखाली चार वर्षं काढूनही हेरंबला हे दोन शब्द मिळाले नव्हते. त्याच्या वाट्याला "पुन्हा बघ" येई, आणि तेही सढळ हाताने. तेव्हापासून शाहिस्ता जेवली, तरी अपचन हेरंबला होई.

परिषदेत गटातर्फे एकानेच बोलायचं होतं. कोणी, ते आज ठरणार होतं.

"जितका उशीर तितकं खोल, हे तुम्हीच शिकवलंत ना सर? तिचा थर पाच सेकंदांवर. माझा दहावर. आणि कललेलाही माझाच जास्त."

"किती जास्त?"

"दुप्पट!"

"वा."

हेरंब सुखावला. "मग परिषदेत मीच बोलतो. ती बसेल समोर. तेवढंच शिकायला मिळेल तिला."

सरांनी ग्लास बाजूला सारला आणि कागद उचलला. वरच्या कडेला जमिनीची काळी रेघ. मध्ये शाहिस्ताची निळी, किंचित तिरपी. खाली हेरंबची लाल, गरजेपेक्षा जास्त दाबून ओढलेली.

त्यांनी निळ्या रेघेवर कागदाची घडी घातली. नखाने दाबली. खिडकीच्या उजेडात धरली.

जमिनीची काळी रेघ हेरंबच्या लाल रेघेवर बसली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हेरंब बघत राहिला...

"धक्का वर आला," तो हळूच म्हणाला, "जमिनीला आतून आपटून पुन्हा खाली गेला..."

"हं."

"...आणि त्याच थरावरून दुसऱ्यांदा परत आला. पाच आणि पाच, दहा."

"कोणाच्या थरावरून?"

बाहेर शाहिस्ता कोणाशी तरी बोलताना मोठ्याने हसली.

"...तिच्या."

सरांनी घडी तशीच त्याच्या हातात दिली. "हे तिला नेऊन दे. आणि सांग, परिषदेची तयारी कर म्हणावं."

हेरंब दारापर्यंत गेला. थांबला.

"सर... मग या कागदात माझं काहीच नाही?"

सरांनी ग्लास पुन्हा पुढे ओढला. चहा निवला होता.

"आहे की," ते म्हणाले. "उशीर."