पाठ लावून बसलेली गुणाक्का

लहान असाल तर जवळ सरका, मोठे असाल तरी सरका. फार वर्षांपूर्वी हरणखोऱ्यात रायाजीराव सरकारांनी पाहुण्यांना होडीत फिरवायला मातीचं एक धरण बांधून घेतलं. धरण सरकारांचं, पाणीही त्यांचंच. पायथ्याला वस्ती होती ती माती वाहिलेल्या माणसांची.

त्यांतली गुणाक्का रोज सकाळी पायथ्याचा पाझर ओंजळीत धरून बघायची. पाणी निवळ असलं की बरं. गढूळ आलं तर समजायचं, आतून माती चालली.

एका उत्सवाला मोठी होडी आणली. ती तळाला टेकायला लागली, म्हणून सरकारांनी सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, फळ्या ठोकून बंद केला. पाणी चढत गेलं. तिसऱ्या दिवशी गुणाक्काच्या ओंजळीत लाल गाळ आला. सगळ्यांत खालच्या झोपडीत तिची लेक रंगू पाच दिवसांची बाळंतीण होती.

गुणाक्का धावत काठावर गेली. "सरकार, फळ्या काढा! धरण आतून पोखरलंय!"

"तुझं धरण रोजच फुटतं की गं, गुणे!" सरकार होडीतून हसले. पाहुणेही हसले.

ती परत पळाली. पाझराचं भोक आता घागरीएवढं झालं होतं आणि आत कुणीतरी करकरा दात खावेत तशी माती वाजत होती. "पळा रे! टेकडीवर पळा!" ती किंचाळली आणि त्या भोकाला पाठ लावून बसली.

असं म्हणतात, पाणी थांबलं. ती उठली नाही.

"रंगू चढली का गं?" तिने टेकडीकडे पळणाऱ्या बायांना विचारलं.

"अजून नाही, आक्का! बाळाला गुंडाळतीय!"

पाठीमागे माती हलली, ढेकळं खांद्यांवर पडू लागली.

"चढली का?"

"चढली! बाळ पण चढलं! आता तू ये, आक्का!"

मग धरण फुटलं. वस्ती वाहून गेली, माणूस मात्र एकच गेलं. वर होडी सरकारांसकट चिखलात रुतली होती.

धरण पुन्हा उभं राहिलं, वस्तीही. होड्या आजही चालतात. पण हंगामाची पहिली होडी सुटण्याआधी होड्यांचा मालक अनवाणी खालच्या वस्तीत जातो आणि शेवटच्या दारात उभा राहून विचारतो, "आक्का, सोडू का होडी?" आत राहणारी बाई कुणीही असो, त्या दिवशी ती आक्का. ती "नको" म्हणाली, तर त्या वर्षी होड्या काठावर पालथ्याच राहतात.