चाक आणि अंकुश

एका राज्यात पाणी हुकमाने वाहत असे. हुकूम ताडपत्रावर लिहायचा, दगडी पोपटाने तो वाचायचा, आणि पितळी वेताळाने त्यात लिहिलेल्या नावाच्या दारी पाणी न्यायचे. पोपटाला एक शिकवण होती. पानावर चाकाची खूण दिसली की पुढचे वेताळाला सांगायचे नाही, पान तिथेच फाडायचे.

आणि कुंभारांच्या मातीगावात प्रत्येकाच्या नावात चाक होते. जिवंत माणसाचे नाव चाकाशिवाय लिहायचे नाही, मेल्यावरच ते पुसायचे, अशी तिथली रीत. विहीर आटू लागल्यापासून सात वर्षे गावाची पाने फाटत राहिली. एकदा सगुणी कुंभारणीच्या भावाने हट्टाने चाक वगळून पान दिले. वेताळाने पाणी नेले ते थेट मसणवट्यात.

विहिरीत नुसता चिखल उरला तेव्हा सगुणी राजमांत्रिक वज्रभट्टापुढे उभी राहिली.

"नावे बदला," तो म्हणाला.

"जित्या माणसानं मेल्याचं नाव लावायचं होय, मांत्रिकबुवा?"

"शिकवण बदलली तर पोपट फुटेल, राज्य बुडेल. तरी हट्ट असेल तर तीन कामे कर. मग पाहू."

सात फण्यांच्या नागाकडून तिने शाई आणली. नागाने तिची सावली ठेवून घेतली. कण्हणाऱ्या ताडाचे पान आणले. ताडाने तिचे केस पांढरे केले. तिसऱ्या वेळी वज्रभट्टाला काम सुचवायचाही कंटाळा आला.

"हे पान पोपटापुढे ठेवून ये. राजाच्या घोड्याची अंघोळ राहिली आहे."

सगुणीने पान पाहिले. घोड्याच्या नावात चाक होते. राजाला ती खूण शोभिवंत वाटली होती, एवढेच. चाकाच्या आधी बारीकसा अंकुश काढलेला होता. पोपटाने पान फाडले नाही. तबेल्यात पाणी खळखळले.

"असं कसं रे, पोपटा?"

"अंकुश दिसला की पुढचे चाक मी नावातच धरतो, बाई. पान फाडत नाही."

"कधीपासून?"

"घोडा शिंगरू होता तेव्हापासून. नऊ वर्षे."

सगुणी ते पान घेऊन भर दरबारात गेली. राजाने वज्रभट्टाकडे पाहिले.

"कुंभारांनी कधी विचारले नाही, महाराज," वज्रभट्ट म्हणाला.

"मग सात वर्षं तुमच्या दाराशी आम्ही काय भजनं म्हणत होतो?"

दरबारात कुणीतरी हसले. राजा हसला नाही. त्याने मातीगावची फाटलेली सगळी पाने अंकुशासह पुन्हा लिहवून घेतली. नागाने सगुणीची सावली परत दिली, केस पांढरेच राहिले. अंकुशाच्या शोधाबद्दल वज्रभट्टाला सोन्याचे कडे मिळाले.

वेताळ मातीगावात आला. दारोदारी नाव पुकारून घागरी भरू लागला. चार दारांतून ओ आली. पाचव्या दाराशी त्याने तीनदा हाक मारली.

"पुढं जा, बाबा," सगुणी म्हणाली. "तिथं कोणी उरलं नाही."

वेताळ हलला नाही. पानावर नाव होते, हुकूम होता. त्याने सगळे पाणी बंद दारावर ओतले.