तुपातली बोटं

ऐका आता. मधे बोलायचं नाही, आज मीपण दमलेय. पाय पोटाशी घे रे मन्या, आणि ती चादर ओढ धाकटीच्या अंगावर.

तर एकदा काय झालं, नदीकाठी एक गाव होतं आणि गावात एक मोठ्ठं घर होतं. घरात सासूबाई, सासरे, दीर, सणाला माहेरी येणाऱ्या नणंदा, त्यांची पोरं. आणि त्या सगळ्यांना रांधून घालणारी एकच सून. तिचं नाव चिमा. नाव एवढंसं, पण अख्खं घर तिच्या कमरेवर उभं होतं, बरं का.

त्या घरी भाद्रपदात गौर यायची. देवीच ती, पण येते कशी? सासरी गेलेली लेक माहेरपणाला येते तशी. शालू नेसवून, मुखवटा बसवून तिला उभी करायचे. दुसऱ्या दिवशी तिचं जेवण. आणि त्या घरात एक नवल घडायचं. गौरीपुढे ताट ठेवायचं, पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी बाहेर यायचं. थोड्या वेळाने पडदा सारला की पुरणपोळीवरच्या तुपात पाच बोटं उमटलेली! म्हणजे गौर जेवली. मग घराने जेवायचं. आणि दिवे लागेपर्यंत ती जेवली नाही, तर उपाशीच निघून जायची आणि त्या घरी पुन्हा यायची नाही. तसं कधी झालं नव्हतं म्हणा.

एका वर्षी, गौरीच्या जेवणाच्या दिवशी, चिमा तांबडं फुटायच्या आधी उठली. न्हाली, सोवळं नेसली, चूल पेटवली. डाळ शिजत घातली. सोळा भाज्या निवडल्या, चिरल्या. मग अळूवड्या, मग आंबील. डाळ शिजली की तिच्या कटाची आमटी, डाळीत गूळ, आणि मग पाट्यावर बसून पुरण वाटायचं. वाट वाट वाटलं. खांदे भरून आले. आणि चव घ्यायची सोय नाही हो! नैवेद्याच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. मीठ घालायचं ते नुसतं अंदाजाने. पोटात भूक, नाकात वास आणि तोंड बंद.

बाहेर नणंदा झोपाळ्यावर बसलेल्या. त्या माहेरपणाला आलेल्या, त्यांना कोण उठवणार? चिमाचंही माहेर होतं, नदीपलीकडे. पण गौरीला ती कधी गेली नव्हती. ती गेली तर गौरीचं करायचं कुणी?

दुपार कलली तेव्हा ताट वाढलं. पडदा ओढला. सगळे बाहेर बसले. थोड्या वेळाने सासूबाईंनी पडदा सारला. बघतात तर तूप जसंच्या तसं. बोट नाही की काही नाही!

सासूबाई म्हणाल्या, "तूप कमी पडलं असेल. चिमे, लोणी कढव."

मग चिमा उठली. लोणी कढवलं, नवी पोळी लाटली, वर तुपाची धार धरली. पडदा ओढला, पडदा सारला. तूप जसंच्या तसं.

मोठी नणंद म्हणाली, "वहिनी, भाज्या नीट मोजल्या होत्या ना? एखादी राहिली असेल बघ."

मग चिमा उठली. भाज्या सोळाच्या सोळा होत्या, पण बोलणार कोण? परसात गेली, कुंपणावरची आणखी एक भाजी तोडून आणली, फोडणीला टाकली. पडदा ओढला, पडदा सारला. तूप जसंच्या तसं.

आता मात्र घर घाबरलं. पोरं भुकेने रडायला लागली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. सासरे म्हणाले, "पुरणच बिघडलंय. सूनबाई, नव्याने घाला. आज गौर उपाशी गेली तर त्याला जबाबदार तुम्ही."

चिमाला रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. तिने पुन्हा डाळ शिजवली. पुन्हा वाटली. हात पाट्यावर, डोळे मिटलेले. पोळी भाजली आणि वाफाळतं ताट घेऊन ती गौरीपुढे गेली. ताट ठेवलं, पडदा ओढला. आणि बाहेर यायचं, तर पाय उचलेचनात. बसली की हो ती तिथेच, पडद्याच्या आत, गौरीच्या पायाशी! तिथे कुणी थांबायचं नसतं, पण दमलेल्या माणसाला कुठलं आलंय भान?

तेवढ्यात वरून आवाज आला. "बसलीस गं बाई एकदाची!"

चिमाने वर पाहिलं. मुखवट्याचे डोळे तिच्याकडे बघत होते.

"तुझं ताट कुठंय?" गौरीने विचारलं.

"माझं नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सगळ्यांचं झालं की. उरलं तर."

"पोळी गरम असते का तेव्हा?"

चिमाला आठवेना. लग्न झाल्यापासून गरम पोळी तिने फक्त वाढली होती.

गौर म्हणाली, "अगं, मी माहेरी येते ती चार माणसांत बसून जेवायला. इथे मला पडदा लावून एकटीला बसवतात. इतकी वर्षं मुकाट्याने जेवले. पण आज तुझे हात थरथरताना बघितले आणि घास उचलवेना. ये, बस माझ्याजवळ."

आणि तिने त्या पोळीचे दोन तुकडे केले. पहिला घास चिमाच्या तोंडात घातला. गरम, मऊ, तुपाने निथळणारा. चिमा खात होती आणि रडत होती. "मीठ बरोबर पडलंय का गं?" तिने हळूच विचारलं. तशी गौर हसली.

बाहेर शोधाशोध सुरू झाली. चिमा चुलीशी नाही, विहिरीवर नाही. दिवे लागायची वेळ झाली. सासूबाईंनी पडदा सारला. बघतात तर चिमा गौरीच्या पायाशी गाढ झोपलेली. ओठाला तूप.

"नैवेद्य उष्टा केला!" सासरे ओरडले.

पण सासूबाईंनी ताट बघितलं होतं. अर्ध्या पोळीवरच्या तुपात गौरीची पाच बोटं. दुसऱ्या अर्ध्या पोळीवर चुलीच्या काजळीची पाच. आणि गौरीच्या शालूचा पदर, सकाळी त्यांनी स्वतः पिना मारून बसवलेला, तो सुटून चिमाच्या अंगावर पांघरलेला.

सासूबाईही कधी काळी याच पाट्यावर बसल्या होत्या ना! मग त्या म्हणाल्या, "हळू बोला. झोपलीय ती." आणि पदर खोचून स्वतः वाढायला गेल्या. नणंदांना म्हणाल्या, "उठा गं. पोळ्या लाटा."

तेव्हापासून त्या घरात पडदा लावणं बंद झालं. गौरीच्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडतात, रांधणारीचं. आणि गौर दरवर्षी येते, पोटभर जेवते. सगळी सुखाने नांदली. तुम्हीही नांदा.

झाली माझी गोष्ट. आता डोळे मिटा.

थांब मन्या. आत भांड्यांचा आवाज येतोय ना? तुझी आई अजून आवरतेय. जा, तिला विचारून ये, जेवलीस का म्हणून. नसेल जेवली तर तिथेच बस तिच्याजवळ, तिचं होईपर्यंत. झोप काय, मग येईलच.