खाऱ्या नदीचा तिसरा निवाडा

एका राज्यात नदी होती, विहिरी होत्या, तळी होती. पण सगळे पाणी खारट. पूर्वीच्या राजाने मोत्यांची भेट घेऊन एका मांत्रिकाविरुद्ध निवाडा दिला, तेव्हा मांत्रिकाने शाप देऊन पाणी खारट केले होते. तो म्हणाला होता, "या आसनावरून तोंड न पाहता तीन निवाडे होतील, तेव्हाच पाणी गोड होईल." तेव्हापासून माणसे पावसाचे पाणी रांजणात साठवून पीत.

त्या नदीवर कान्हू नावाडी होता. आधी येईल तो आधी बसेल, हा त्याच्या नावेचा रिवाज. एकदा सामसूम घाटावर युवराज उदयराज आला. कान्हू म्हणाला, "आधी गुराखी आलाय, युवराज. शेरडं आणायला गेलाय. तो बसला की आपण."

युवराजाने तलवारीने दोर तोडला. कान्हूसकट नाव भोवऱ्यात बुडाली.

हे पाहिले फक्त खंड्या पक्ष्याने. त्याने जाऊन कान्हूच्या धाकट्या भावाला, भिवाला सांगितले. भिवाने मागचापुढचा विचार केला नाही. युवराजाची सोनेरी नाव त्याने जाळली, आणि खंड्याला खांद्यावर घेऊन तो राणी चंद्रावळीच्या दरबाराकडे निघाला.

"राणी म्हणजे त्याची आई," भिवा म्हणाला. "ती कसला न्याय देणार? तू तरी का आलास?"

"खांदा आयता मिळाला," खंड्या म्हणाला.

दरबारात राणीने गालिचे काढून टाकले होते. धनी असो, चाकर असो, सगळ्यांना एकच चटई. आधी एक जवाहिऱ्या उठला. त्याने राणीपुढे रत्नहार धरला. राणीने हात न लावता तो परत पाठवला आणि शेजाऱ्याचे बळकावलेले शेत सोडायला लावले. मग एक म्हातारी आली. तिने शेजारणीची शेळी चोरली होती आणि ती हमसून हमसून रडत होती. सगळा दरबार हळहळला. राणी म्हणाली, "शेळी जिची तिला द्या." निवाडा झाल्यावर तिने स्वतःच्या गोठ्यातली शेळी म्हातारीला दिली.

भिवाने डोळे पुसले. इथे अश्रूही चालत नव्हते.

त्याने फिर्याद सांगितली. खंड्याने साक्ष दिली.

"एका साक्षीवर मी कुणालाच दोषी धरत नाही," राणी म्हणाली.

"पक्ष्याच्या बोलण्यावर कुणीच धरत नाही, आईसाहेब," युवराज हसला. "आणि माझी नाव यानेच जाळली."

"जाळली," भिवा म्हणाला. "भाऊ गेला होता माझा."

राणीने युवराजाच्या तलवारीकडे पाहिले. मग ती आसनावरून उतरली आणि भिवाच्या शेजारी चटईवर बसली.

"दुसरी साक्ष माझी. त्या संध्याकाळी युवराजांच्या तलवारीला नावेच्या दोराची राळ लागली होती. मी ती माझ्या हाताने पुसली. विचारायचे धैर्य झाले नाही. प्रधानजी, आसनावर बसा."

प्रधान बसले. तेही आसनाच्या कडेवरच. "सरकार, समोर आपण..."

"समोर कोण बसलंय ते पाहू नका. काय घडलंय ते पाहा."

प्रधानांनी निवाडा दिला. युवराज बारा वर्षे घाटावर नाव चालवतील आणि कान्हूच्या आईचे घर सांभाळतील. युवराजांची जाळलेली नाव भिवा स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून देईल. पुरावा पुसणाऱ्या राणी वर्षभर या आसनावर बसणार नाहीत.

तिघांनीही मान झुकवली. बाहेर विहिरीवर कुणीतरी ओरडले की पाणी गोड लागतेय.

भिवा नाव बांधू लागला. नाव भावाला मारणाऱ्यासाठी होती, पण त्याने एकही सांधा कच्चा ठेवला नाही. तहान लागली की तो नदीचे पाणी प्यायचा. कान्हूला हे पाणी मिळाले नाही, हे त्याला दर घोटाला आठवे.

नाव पाण्यात गेली त्या दिवशी राणी घाटावर आली. उदयराजाने वल्हे उचलले नाही.

"आधी गुराखी आलाय, आईसाहेब," तो खाली पाहत म्हणाला. "शेरडं आणायला गेलाय. तो बसला की आपण."

राणी पायरीवर बसली आणि वाट पाहू लागली. भिवाने तिच्यासाठी ओंजळभर पाणी आणले.